पोरगी समाजशास्त्रात ‘ओळख’ शिकणार, म्हणजे नक्की काय शिकणार?

पदवीचे निकाल लागले की दरवर्षी मला पालकांचे फोन सुरू होतात. पंचवीसेक वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, तरी नंबर गावोगाव फिरत असतो. यंदा सांगली जिल्ह्यातल्या एका भाईंचा फोन आला. मोटरसायकलचं गॅरेज आहे. सलाम-दुवा झाल्यावर म्हणाले, “सर, पोरगी बी.ए. झाली. आता म्हणते समाजशास्त्रात एम.ए. करणार आणि आयडेंटिटीवर अभ्यास करणार. हे आधार कार्डाचं काही असतं का?”

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, भाईंचा प्रश्न तितका चुकीचा नव्हता. आधार कार्डसुद्धा या अभ्यासात येतं. रेशन कार्ड येतं, शाळा सोडल्याचा दाखला येतो, दुकानाची पाटी येते, निकाहनामा येतो. हा विषय घेऊ पाहणारी मुलं-मुली आपल्या घरांतून आता दिसू लागली आहेत आणि घरच्यांना त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीतल्या आयडेंटिटीला मराठी पुस्तकांत दोन शब्द सापडतात, ‘अस्मिता’ आणि ‘ओळख’. अस्मिता हा शब्द पेपरवाल्यांनी आणि पुढाऱ्यांनी वापरून वापरून गरम करून ठेवलाय. तो आला की कुणीतरी दुखावलेलं असतं. मला ‘ओळख’ बरा वाटतो. “त्यांची आमची जुनी ओळख आहे” असं आपण म्हणतो. म्हणजे ओळखीला दोन माणसं लागतात, एक ओळखणारा आणि एक ओळखला जाणारा. उर्दूत पहचान आहे आणि शिनाख्तही आहे. शिनाख्त म्हटलं की पोलीस ठाणं किंवा शवागार आठवतं. तिथं तुम्ही कोण हे दुसराच कुणी सांगतो.

समाजशास्त्रातला पहिला धडा हाच. जॉर्ज हर्बर्ट मीड नावाचे अमेरिकेतले एक प्राध्यापक होते. ते १९३१ मध्ये वारले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून १९३४ साली पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं साधं आहे. मूल जन्मतः स्वतःला ‘मी’ म्हणून ओळखत नाही. अम्मी त्याच्याकडे कशी बघते, शेजारी काय हाक मारतात, खेळातले भिडू कोणती जागा देतात, यावरून ते स्वतःला ओळखायला शिकतं. थोडक्यात, माणूस स्वतःकडे आधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघतो.

मग त्या दुसऱ्याच्या डोळ्यांत आधीच काहीतरी भरलेलं असेल तर? हा प्रश्न डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या समाजशास्त्रज्ञानं १९०३ सालच्या पुस्तकात मांडला होता. स्वतःला सतत दुसऱ्याच्या तिरस्काराच्या मापानं मोजत राहायचं, अमेरिकन पण असायचं आणि काळा पण असायचं, या अवस्थेला त्यांनी दुहेरी जाणीव म्हटलं. वर्गात हे शिकवताना मागच्या बाकावरची एखादी शेख किंवा मुजावर मान वर करून बघायची. पुस्तक अमेरिकेचं असलं तरी गोष्ट तिला घरची वाटायची.

आपल्यापैकी बहुतेकांनी एक वाक्य ऐकलेलं असतं, “अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याच्या चार पिढ्या मिरजेत किंवा नांदेडात गेल्या, जो मराठी शाळेत शिकला, तो यावर काय म्हणणार? “तुम्ही पण छान बोलता” असं म्हणावंसं वाटतं, पण कुणी म्हणत नाही.

एम.ए.च्या वर्गात या वाक्यावर आख्खा तास जाऊ शकतो. फ्रेड्रिक बार्थ हे नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यात पठाणांमध्ये राहून त्यांनी अभ्यास केला होता. १९६९ साली त्यांनी संपादित केलेल्या पुस्तकात एक मुद्दा आला आणि या विषयाची दिशाच बदलली. दोन गट वेगळे ओळखले जातात ते त्यांच्या चालीरीती, भाषा किंवा कपडे वेगळे असतात म्हणूनच, असं नाही. गटांमधली रेघ माणसं रोजच्या वागण्यातून आखत राहतात. रेघेच्या आतलं सामान बदललं तरी रेघ टिकू शकते. आता ते मराठीचं वाक्य पुन्हा बघा. भाषा एक, भाकरी एक, एसटीतली गर्दी एक, उसाच्या बिलाची वाट बघणंही एक. तरी त्या एका कौतुकात रेघ पुन्हा ओढली गेली.

आणि रेघा फक्त बाहेरचेच ओढतात असं नाही. “ते कोकणी, आपण देशावरचे”, “त्यांच्यात मुलगी देत नाहीत” ही वाक्यं आपल्याच दिवाणखान्यात बोलली जातात. जेएनयूचे प्राध्यापक इम्तियाज अहमद यांनी १९७३ साली भारतीय मुसलमानांतल्या जातीसदृश उतरंडीवर अभ्यासकांचे लेख एकत्र करून पुस्तक काढलं. त्याआधी १९६० मध्ये ग़ौस अन्सारी यांनी उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम बिरादऱ्यांवर लिहिलं होतं. ही पुस्तकं वाचताना आपल्या मुलांना जरा अवघडल्यासारखं होतं. ते होऊ द्यावं.

इथं काही पालक विचारतात, “आपली ओळख कलमा आहे, त्यात अभ्यास कसला?” समाजशास्त्र ईमान खरं की खोटं याचा निवाडा करत नाही, तो त्याचा विषयही नाही. माणसं श्रद्धा घेऊन समाजात कशी वावरतात, कुणाशी सोयरीक करतात, कुणाला घर भाड्यानं देतात, एवढंच ते बघतं.

आता कागदावरच्या ओळखीकडे येऊ, कारण भाईंच्या आधार कार्डाचं उत्तर तिथं आहे.

२०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात मुसलमानांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. बाकीच्यांनी काय सांगितलं? कुणी मराठी, कुणी हिंदी, कुणी गुजराती, कुणी कोकणी. किती जणांनी मराठी सांगितली हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. पण मुसलमान म्हणजे उर्दू हे समीकरण सरकारी कागदावरही जुळत नाही, एवढं कळतं. खानेसुमारीची मातृभाषेची व्याख्या म्हणते की लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती लिहा. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत अम्मी ज्या बोलीत बोलते तिला लोक ‘मुसलमानी’ म्हणतात. तिच्यात दखनी आहे आणि निम्मी मराठी आहे. मुलं शाळेत मराठी लिहितात, मदरशात उर्दू वाचतात, मोबाइलवर तिसरंच काही. प्रगणक दारात उभा राहून एकच नाव मागतो. अशा वेळी उत्तर कोण देतं? अब्बा देतात की अम्मी? आणि तेच का?

मराठवाड्यात गोष्ट आणखी निराळी. तिथं निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं. त्यामुळे बीड-परभणीकडे जुन्या पिढीत उर्दू सफाईनं वाचणारी हिंदू माणसंही होती. उलट रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर मुसलमान घरांची आडनावं गावावरून ‘कर’ लावून होतात आणि घरात कोकणी बोली चालते. भाषा आणि धर्म यांची जोडी कायमची नाही, ती कुठल्या तरी काळात, कुणाच्या तरी सोयीनं जुळवली जाते. हे पुस्तकात वाचण्यापेक्षा नकाशा घेऊन आपल्याच राज्यात बघितलं तर लवकर समजतं.

जातीच्या दाखल्यात तर घरोघरचे पैसे आणि प्रवेश अडकलेले आहेत. बागवान, तांबोळी, आतार, पिंजारी, शिकलगार, मोमीन, मुलाणी ही नावं म्हणजे मुळात धंदे. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, खुद्द दिलीपकुमार तिच्या पाठीशी उभे राहिले आणि नव्वदच्या दशकात या बिरादऱ्यांना दाखल्यांचा रस्ता मोकळा होत गेला. पण महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला काढावा तर जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलेलं असतं ‘मुसलमान’. मास्तरांना वाटलं, झालं काम. एका चुलत्याच्या दाखल्यावर ‘मुसलमान पिंजारी’ आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर नुसतंच ‘मुसलमान’. घर एक, रक्त एक. पण एकाच्या नातवाला फीमध्ये सवलत आणि दुसऱ्याच्या नातवाला खेटे. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत ओढलेल्या दोन शब्दांनी हे ठरलं.

येत्या खानेसुमारीची संदर्भ तारीख देशाच्या बहुतेक भागांसाठी १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. तेव्हा आपल्या घरांत काय उत्तर दिलं जाईल? बिरादरीचं नाव, नुसतं ‘मुस्लिम’, की ‘आमच्यात जात नसते’? तिन्ही उत्तरं देणारी माणसं मी ओळखतो आणि तिघांचीही कारणं ऐकण्यासारखी आहेत. दोन वर्षांच्या एम.ए.त एवढा जिवंत विषय दुसरा मिळणार नाही.

एम.ए.त प्रत्यक्ष काय असतं तेही सांगतो. दोन वर्षं, चार सत्रं. समाजशास्त्राचे सिद्धांत, संशोधनाच्या पद्धती, भारतीय समाज, आणि निवडीचे पेपर. ओळख हा विषय काही ठिकाणी स्वतंत्र पेपर असतो, बऱ्याच ठिकाणी जात, लिंगभाव, धर्म किंवा स्थलांतर या पेपरांतून येतो. शेवटी संशोधन प्रकल्प किंवा प्रबंधिका. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ सालचा, देशातला अगदी सुरुवातीचा. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतही विभाग आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत म्हणजे टिसमध्ये जायचं तर सीयूईटी-पीजी परीक्षा द्यावी लागते. घर सोडून जाणं शक्यच नसेल तर इग्नूचं एम.ए. आहे. पण मुलीला पाठवता येत असेल तर पाठवा. हा विषय वर्गात वाद घालूनच कळतो.

प्रबंधिकेत मुलं पहिल्यांदा एकच चूक करतात. प्रश्नावली घेऊन जातात आणि विचारतात, “तुमची ओळख काय?” समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो, मग सभ्यपणे सांगतो, “आम्ही सगळे भारतीय.” विषय संपला. ओळख अशी विचारून मिळत नाही. दुकानाच्या पाटीवरचं नाव कुणी ठरवलं? मुलाचं नाव ठेवताना कोणतं नाव बाद केलं? खोली भाड्यानं बघताना फोनवर आपलं नाव आधी सांगता की भाडं ठरल्यावर? असे प्रश्न विचारले की माणूस बोलतो. अर्विंग गॉफमन यांनी १९६३ सालच्या ‘स्टिग्मा’ या पुस्तकात नेमकं हेच धरलं होतं. ज्याच्या ओळखीला डाग मानलं जातं तो माणूस दिवसभर हिशेब करत असतो, कुणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, काय झाकायचं. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाण्याच्या दुकानांना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं आणि सुप्रीम कोर्टानं २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. तेव्हा देशभर पाट्यांची चर्चा झाली. गॉफमन वाचलेल्या विद्यार्थ्याला त्या बातमीत कायद्याबरोबर दुकानदाराचा तो रोजचा हिशेबही दिसतो.

या अभ्यासात एक जोखीम आहे आणि ती मी स्वतः चूक करून शिकलो. माझ्या एका विद्यार्थिनीनं तिच्याच मोहल्ल्यातल्या शिवणकाम, पिको-फॉल करणाऱ्या बायकांवर प्रबंधिका केली. काम सुंदर झालं होतं. दिवसाला आठ-आठ तास मशीनवर बसणाऱ्या बायका “तुम्ही काय करता?” विचारल्यावर म्हणायच्या, “काही नाही, घरीच असते.” कपडे देणारा दुकानदार त्यांना कारागीर म्हणायचा, नवरा म्हणायचा “टाइमपास करते”. एकाच बाईच्या तीन ओळखी आणि तिची स्वतःची सर्वांत लहान. हे त्या मुलीनं छान पकडलं होतं.

त्यात एक खाला होती. मुलीनं नियमाप्रमाणे तिचं नाव बदललं. पण वर्णनात लिहिलं, दर्ग्यामागच्या गल्लीतली, तलाक झालेली, दोन मशीनवाली. गल्लीत अशी बाई एकच. सासरच्यांबद्दल ती मनातलं बोलली होती, तेही आलं. बांधलेली प्रत घरी आली, कुणा चुलत भावानं चाळली आणि दोन दिवसांत गोष्ट सासरपर्यंत पोचली. खाला त्या मुलीशी कित्येक महिने बोलली नाही. प्रबंधिकेवर मार्गदर्शक म्हणून सही माझी होती. मी भाषा तपासली, संदर्भ तपासले, पण हे बघितलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगायचो, नाव बदलून काम भागत नाही. लिहिलेलं पान त्याच गल्लीतला माणूस वाचतोय असं समजून वाच. बाई ओळखू येत असेल तर मशीनचा आकडा बदल, गल्ली बदल, आणि तरीही ओळखू येत असेल तर तो परिच्छेद काढ. आपली मुलं आपल्याच वस्तीत जातात तेव्हा दारं पटकन उघडतात, दस्तरखानावर बसवलं जातं, लोक विश्वासानं बोलतात. बाहेरच्या संशोधकाला हे मिळत नाही. पण तो काम संपलं की निघून जातो, आपल्याला मात्र तिथंच राहायचं असतं.

दुसरं दुखणं उलट्या बाजूचं. मुस्लिम विद्यार्थी दिसला की काही मार्गदर्शक लगेच म्हणतात, “तू मुस्लिम महिलांवरच कर, तुला सोपं जाईल.” एका मुलाला ऊसतोड कामगारांच्या कोयत्यांवर म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांवर काम करायचं होतं. त्याला तीनदा तलाकच्या विषयाकडे वळवायचा प्रयत्न झाला. तो अडून बसला आणि ऊसतोडीवरच केलं. पालकांनी मुलांना एवढा आधार द्यावा. ओळखीचा अभ्यास करणाऱ्यानं स्वतःच्याच ओळखीचा अभ्यास केला पाहिजे असा कुठं नियम नाही.

नोकरीचं विचारल्याशिवाय कुठल्याच बापाचा फोन संपत नाही आणि ते बरोबरच आहे. एम.ए.नंतर नेट किंवा सेट देऊन प्राध्यापकी, पण जागा कमी आहेत आणि भरती रखडते, हे आधीच सांगतो. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.ला महिना ३७,००० रुपये शिष्यवृत्ती आहे. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्रानं २०२२-२३ पासून नव्यानं देणं बंद केलं, त्यामुळे जेआरएफची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी. शिवाय स्वयंसेवी संस्थांतलं संशोधन, सर्वेक्षणाची कामं, पत्रकारिता आहे. यूपीएससीला समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय घेणारे बरेच असतात. ज्यांना दोन वर्षांत पक्की नोकरी हवीच आहे, त्यांनी बी.एड.चाही विचार शेजारी ठेवावा.

भाईंना यातलं बरंचसं फोनवर सांगितलं. अर्धा तास शांतपणे ऐकून ते म्हणाले, “म्हणजे आमच्या घराचंच शिकायला पोरीला पुण्याला पाठवायचं?”

मी म्हटलं, गॅरेजचं नाव काय आहे तुमच्या?

“न्यू भारत ऑटो.”

कुणी ठेवलं?

जरा वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, “अब्बांनी. का ठेवलं, मी कधी विचारलं नाही. पोरगी परवाच विचारत होती त्यांना. वय झालंय, ऐकू कमी येतं, पण बोलत होते बराच वेळ. तिनं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.”

रेकॉर्ड करायच्या आधी आजोबांना विचारलं होतं का, एवढं तिला विचारा, मी म्हटलं. आणि त्यांचा शाळेचा दाखला मिळाला तर लॅमिनेशन करू नका, मागच्या बाजूलाही काही लिहिलेलं असतं.